नाणेघाटातला एक दमट दिवस

रेडिओवर बोलण्याचा एक फायदा असतो. बोलणाऱ्याचा घाम ऐकणाऱ्याला दिसत नाही. आज मी ज्या दिवसाबद्दल बोलणार आहे, त्या दिवशी माझा सदरा पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. भाद्रपद महिना होता, पावसानं दोन दिवस उघडीप दिलेली, आणि उघडीप म्हणजे कोकणात काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वरून ऊन, खालून वाफ, मध्ये आपण. इडलीपात्रात बसल्यासारखं.

आम्ही दोघं होतो. मी आणि माझा एक मित्र, इतिहासाचा निवृत्त शिक्षक. दोघांचं वय पन्नाशीच्या पुढं, दोघांच्या खिशात गोळ्यांच्या डब्या. कल्याणहून सकाळची एसटी धरली. मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, आणि वैशाखरे ओलांडल्यावर कंडक्टरनं घंटी वाजवून आम्हाला नगरच्या रस्त्यावर उतरवलं. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या पिढीच्या तोंडी रस्ता ‘नगरचा’च आहे. समोर सह्याद्रीची भिंत, आणि भिंतीतून वर काढलेला तो प्रसिद्ध नानाचा अंगठा, ढगात अर्धा बुडालेला.

नाणेघाट चढायला लोक पावसाळ्यात हौसेनं येतात. शनिवार-रविवारी तर मुलांची जत्रा असते. आम्ही मुद्दाम मंगळवार निवडला होता. मला गर्दीत चढायचं नव्हतं. मला एक जागा शोधायची होती, आणि ती कुठं आहे हे सांगणारा माणूस आता जगात नव्हता.

आमचं घर पिंजाऱ्याचं. म्हणजे माझ्या आजोबांपर्यंत. आमच्यात आजोबांना दादा म्हणतात, मीही तसंच म्हणेन. दादा जुन्नरचे. खांद्यावर पिंजण, काखेत बोचकं, अशा थाटात ते दरवर्षी नाणेघाट उतरून कोकणात यायचे. मुरबाडकडच्या गावांतून हिंडत कल्याणपर्यंत जायचे, गाद्या-उशा फोडून कापूस पिंजायचे, पुन्हा भरून द्यायचे, आणि आले त्या वाटेनं घाट चढून घरी. पिंजण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य समजा, त्याला आतड्याची तात ताणून बांधलेली. कापसाच्या ढिगात तात धरायची आणि तिच्यावर लाकडी ठोकळ्यानं मारायचं. टँव, टँव, टँव. प्रत्येक ठोक्याला कापूस उडतो, सुटतो, फुलतो. हा आवाज गल्लीत आला की बायका गाद्या बाहेर काढत. आता तो आवाज गेला. गाद्या फोमच्या झाल्या आणि उरलेला कापूस यंत्र पिंजतं.

तर या तातीचा एक स्वभाव असतो. ती आतड्याची असल्यामुळं दमट हवेत सैल पडते. कितीही ताणा, ठोका बद्द वाजतो. आणि कापूसही ओल धरतो, फुलत नाही. म्हणून पिंजारी पावसात घरी बसतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला, हवा कोरडी झाली की बाहेर पडतो. दादांना उमस आवडायची नाही, असं अब्बा सांगायचे. उमस म्हणजे त्यांच्या लेखी बेकारी.

पण एका वर्षी दादा भाद्रपदातच घाट उतरले. १९४५च्या आसपासची गोष्ट. घरातले पैसे संपले होते. बरोबर नऊ-दहा वर्षांचे अब्बा होते. त्या सफरीची गोष्ट अब्बांनी मला लहानपणी इतक्यांदा सांगितली की ती माझीच आठवण असल्यासारखी झाली. ती पुढं सांगतो, कारण तिची जागा वाटेत आहे.

महामार्गावरून आत शिरलं की पहिला तासभर वाट जवळजवळ सपाट आहे. साग, ऐन, किंजळ, मध्ये करवंदीच्या जाळ्या, दोन-तीन ओढे. पावसानं धुतलेलं रान दिसायला इतकं सुंदर की फोटो काढावा, आणि चालायला इतकं कठीण की फोन खिशातून काढायचा कंटाळा यावा. झाडाचं पान हलत नव्हतं. माझ्या मित्रानं शिक्षकी पेशाला जागून सांगितलं, की घाम येणं महत्त्वाचं नाही, तो वाळणं महत्त्वाचं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवाच पाण्यानं भरलेली असेल तर घाम वाळायला जागा नसते. तो नुसता गळत राहतो आणि अंग आतून तापत जातं. ‘म्हणजे आपण सैल पडलेली तात,’ मी म्हणालो. तो हसला, पण त्यालाही धाप लागली होती.

बरोबर एक वाटाड्या होता. पायथ्याच्या ठाकरवाडीतला पोरगा, बारावी झालेला, पायात रबरी चप्पल. ट्रेकिंगचे बूट घातलेल्या आम्हा दोघांकडं तो जरा दयेनंच पाहत होता.

या वाटेचं वय किती, हा प्रश्न मला चढताना पुन्हा पुन्हा पडत होता. घाटमाथ्यावर जुन्नर, त्यापुढं पैठण. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. या दोहोंना जोडणारी ही चिंचोळी खिंड सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी वापरात आणली, बांधली, राखली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीनं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं पुस्तक आहे. लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची ती माहितीवही. त्यात कल्याण आहे, पैठण आहे, आणि तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल समुद्राकडं येई, असं तो लिहितो. कल्याणबद्दल त्यानं एक तक्रारही नोंदवून ठेवली आहे : पूर्वीच्या राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता तिथं फार अडवणूक होते, आणि चुकून तिकडं गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. बंदरांवरून चाललेलं राजकारण आजचं नाही, एवढाच याचा अर्थ. मला मात्र त्या पुस्तकात दिसतं ते कापड. ते कुणीतरी विणलं, त्याआधी कुणीतरी कातलं, आणि त्याच्याही आधी कुणीतरी पिंजलं. पिंजणाऱ्याचं नाव कुठल्याच पुस्तकात येत नाही.

सपाटी संपली आणि चढ सुरू झाला. मोठमोठे दगड, कुठं खडकात खोदलेल्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ. मी वीस पावलं मोजायचो आणि थांबायचो. मग पंधरा. मग दहा. तहान लागली होती म्हणून पाणी पीत होतो, तरी तहान भागत नव्हती. मग एकदम बरं वाटायला लागलं. थंडच वाटलं. हातावर काटा आला. मी तसं बोलूनही दाखवलं. पोरानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

‘काका, बसा. आत्ता बसा. उभं राहू नका.’

मी म्हणालो, जरा पुढं जाऊन बसू. तेवढ्यात पायाखालची पायरी तिरकी झाली. मित्रानं बगलेत हात घातला नसता तर मी आज हे भाषण करायला नसतो, कारण उजवीकडं दरी होती.

त्यांनी मला ऐनाच्या बुंध्याशी टेकवलं. पोरानं सदऱ्याची बटणं काढली, ओढ्यात टॉवेल भिजवून आणला, मानेवर ठेवला आणि एका मोठ्या पानानं वारा घालायला लागला. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून मीठ काढलं. त्याच्या आईनं काकडीबरोबर खायला दिलेलं. बाटलीत मीठ, माझ्या मित्राच्या खिशातल्या दोन लिमलेटच्या गोळ्या, आणि झाकण लावून खळखळ हलवलं. ‘थोडं थोडं घ्या. गटागटा नको.’ त्याला हे कुणी शिकवलं, असं मी नंतर विचारलं. तो म्हणाला, दरवर्षी दोन-चार जण पडतातच.

अर्धा-पाऊण तास मी तिथं पडून होतो. आणि तिथं मला कळलं, की मी जी जागा शोधतोय ती हीच, किंवा हिच्यासारखीच कुठलीतरी.

आता अब्बांची गोष्ट. त्या भाद्रपदात दादांना कोकणात काम मिळालंच नाही. तात सैल, कापूस ओला. आठ-दहा दिवस हिंडून, होतं तेवढं पीठ संपवून, बापलेक परत फिरले. घाट चढताना अब्बांना असंच झालं. आधी घाम, मग काटा, मग डोळ्यांपुढं काळोख. दादांच्या खांद्यावर पिंजण होतं, पाठीवर बोचकं. पोराला उचलायचं तर पिंजण खाली ठेवावं लागणार. आणि पिंजण म्हणजे घराची रोजीरोटी. अब्बा सांगायचे, ‘मी अर्धवट शुद्धीत होतो. दादा एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा पिंजणाकडं. लई वेळ बघत होते.’ हे सांगताना अब्बांच्या आवाजात पुष्कळ वर्षं एक बारीकशी तक्रार असायची. बापानं विचार का केला? एवढा वेळ का लागला?

शेवटी दादांनी पिंजण एका झाडाला टेकवून ठेवलं आणि पोराला पाठुंगळी मारून घाट चढले. अंधार पडत आला होता. पुढं जाण्यासारखं नव्हतं. वर खिंडीच्या तोंडाशी लेणं आहे, पाण्याची टाकी आहेत. तिथं दोघं रात्रभर राहिले.

त्या झाडाखाली पडल्या पडल्या माझी अब्बांशी भांडायची इच्छा झाली. मला नुसतं माझं स्वतःचं अंग उचलवत नव्हतं. त्या अवस्थेत, त्या उमशीत, दहा वर्षांचं पोर पाठीवर घेऊन उरलेला घाट चढणाऱ्या माणसानं आधी दोन क्षण विचार केला असेल तर केला असेल. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

उठलो. उरलेला चढ पोराच्या खांद्यावर हात ठेवून चढलो. दुपार कलली होती जेव्हा लेण्यापाशी पोचलो. वर वारा होता. असा वारा, की आयुष्यात पहिल्यांदा ‘गार’ हा शब्द मला कळला.

नाणेघाटचं लेणं पाहून पहिल्यांदा निराशा होते. ना चैत्य, ना नक्षीदार खांब. एक मोठी चौकोनी खोली, तिन्ही बाजूंना दगडी बाक. पण डोळे अंधाराला सरावले की डाव्या आणि उजव्या भिंतीवर ओळी दिसायला लागतात. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, दोन्ही भिंतींवर दहा-दहा ओळी. इंग्रजांच्या काळात याकडं प्रथम लक्ष वेधलं ते कर्नल साइक्स यांनी, १८२८च्या उन्हाळ्यात. तेव्हा ही लिपी वाचता येणारा माणूसच नव्हता. प्रिन्सेपनं ब्राह्मीचं कोडं उलगडलं ते पुढं १८३७च्या सुमाराला. मग पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी या लेखावर काम केलं. मराठीत वा. वि. मिराशींनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवर जो ग्रंथ लिहिला, त्याची झेरॉक्स माझ्या मित्राच्या पिशवीत होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. आम्ही बाकावर बसलो आणि तो वाचायला लागला.

हा लेख राणी नागनिकेचा मानला जातो. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सातकर्णी राजाची ही विधवा. सुरुवातीला धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्रसूर्यांना आणि चार लोकपालांना नमस्कार आहे. मग यज्ञांची यादी. अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि इतर कितीतरी. प्रत्येक यज्ञापुढं दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत. गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. एका ठिकाणी चोवीस हजार चारशे कार्षापण. अंकांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा मानतात तो यासाठी. शून्य अजून आलेलं नाही, म्हणून शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चारशे. आज आपण बाजारात जे आकडे लिहितो त्यांतल्या काहींचे पणजोबा या भिंतीवर आहेत.

मला मात्र आकड्यांपेक्षा दुसरी एक गोष्ट लागली. एवढ्या वैभवाच्या यादीत त्या बाईचं स्वतःचं वर्णन काय आहे? महिना महिना उपास करणारी. घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. ब्रह्मचर्य पाळणारी. मुलं लहान, नवरा गेलेला, राज्य सांभाळायचं आहे. अशा बाईनं आपल्या घराण्याची श्रीमंती कोरायला राजवाडा निवडला नाही, देऊळ निवडलं नाही. घाट निवडला. जिथून रोज माणसं जातात, घाम पुसत थांबतात, आणि थांबल्यावर ज्यांना समोरच्या भिंतीकडं बघण्यावाचून दुसरं काम नसतं. आजच्या भाषेत याला जाहिरात म्हणतील. म्हणू देत. जागा मात्र तिनं अचूक हेरली होती.

समोरच्या भिंतीवर घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आठ. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, राजकुमार. आता वर त्यांची नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधलं सगळं गेलं. चालून आलेल्या माणसाला ती पावलं बघून काय वाटतं ते मी सांगत बसत नाही.

त्या नावांत एक ‘महारठि’ आहे, आणि बाजूच्या लेखातही ‘महारठिनो’ हा शब्द येतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे समितीनं जो अहवाल केला, त्यात या शब्दाचा दाखला आहे. दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाला. त्या दिवशी मला बऱ्याच जणांनी फोनवर शुभेच्छा दिल्या. एका परिचितांनी मात्र, अगदी प्रेमानं, विचारलं, ‘तुम्हालाही आनंद झाला असेल ना?’ त्या ‘तुम्हालाही’मधला ‘ही’ माझ्या ओळखीचा आहे. गेली तीस वर्षं तो कविसंमेलनात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. ‘तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?’ हा त्याचाच भाऊ. उर्दू मला वाचता येते, सुंदर भाषा आहे, पण मला उमस झाली तर ती ‘उमस’ होते, त्याला मी काय करू?

आणि आता दादांची गोष्ट पूर्ण करतो, कारण ती याच खोलीतली आहे. त्या रात्री अब्बांचा ताप उतरला. पहाटे उजेड आला तेव्हा त्यांना भिंतीवर या ओळी दिसल्या. त्यांनी विचारलं, ‘दादा, हे काय लिवलंय?’ दादांना सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा करत. त्यांनी भिंतीकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘हिशेब असंल कुणाचा तरी. इथनं सगळे देणेघेणेवालेच जातात.’

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा त्यानं मिराशींची झेरॉक्स मांडीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. गाई इतक्या, घोडे इतके, कार्षापण इतके. हिशेबच की.

त्याच सकाळी खालच्या वाडीतला एक ठाकर दादांचं पिंजण खांद्यावर घेऊन वर आला. झाडाला टेकवलेलं दिसलं, हे कुणाचं ते त्यानं ओळखलं, आणि माणूस वर लेण्यातच असणार हेही. दादांनी त्याला कमरेचा एक आणा देऊ केला. त्यानं घेतला नाही. पुढच्या हिवाळ्यात दादांनी त्याच्या वाडीत जाऊन एक उशी भरून दिली. ही गोष्ट मी आमच्या वाटाड्याला सांगितली आणि विचारलं, तुमच्या वाडीत कुणाला आठवत असेल का? तो हसला. ‘काका, आमच्या आज्यानं उशी कशाला घेतली असंल? गुडघ्यावर डोकं ठेवून झोपायचा तो.’

लेण्याच्या आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. भाद्रपदात ती काठोकाठ भरलेली असतात. इथल्या एका टाक्यावर लेख आहे : हे सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. टाक्याला त्यात ‘पोढी’ हा शब्द आहे. बस, एवढंच. राणीच्या वीस ओळी आणि गोविंददासाची एक. पण त्या दिवशीच्या माझ्या अवस्थेत मला विचाराल तर अश्वमेधापेक्षा हे मोठं काम. सोपारा म्हणजे आपलं वसई-विरारजवळचं नालासोपारा. हा माणूस तिथून उमशीतून घामेजून वर आला असणार, कधीतरी याच जागी त्याचाही घसा कोरडा पडला असणार, आणि मग त्यानं पाथरवटांना पैसे मोजले असणार. पुढं जुन्नरच्या लेण्यांत असाच आणखी एक लेख आहे. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढी दिल्याचा. यवन म्हणजे परदेशी, बहुधा ग्रीक मुळाचा. नाव परकं, पण दान प्राकृतात. त्याला कुणी विचारलं असेल का, तुम्ही ग्रीकमध्ये का कोरत नाही?

टाक्याच्या वर घाट एकदम अरुंद होतो. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये फरसबंदी नाळ. तिच्या माथ्यावर तो दगडी रांजण. यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, असं सगळे सांगतात. आमच्या पोरानंही सांगितलं. काही अभ्यासकांना ते पटत नाही. मलाही फारसं पटत नाही. उघड्यावर रांजणभर पैसा ठेवणारं राज्य अजून कुठं झालं नाही, आणि घाट चढून आलेल्या बैलाला अन् माणसाला सगळ्यात आधी लागतं ते पाणी. पण लोकांना नाण्यांची गोष्ट आवडते, आणि दादासुद्धा जाता-येता त्यात एक ढब्बू पैसा टाकायचे म्हणे. तेव्हा माझं मत मी माझ्यापाशी ठेवतो.

वर आलं की घाटघरचं पठार. समोर जीवधन, त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका. पठारावर सोनकी फुलली होती, नजर जाईल तिथवर पिवळं. आणि इथून पुढं जुन्नरकडचा मुलूख. त्या मुलखात एक पाहुणा पावसाळा काढून गेला, त्याची आठवण आल्याशिवाय मला राहवत नाही.

अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९च्या सुमाराला तो चौलला उतरला. चौलजवळ रेवदंड्याला त्याच्या स्मरणार्थ काळा स्तंभ उभा आहे. अब्बास आणि प्रोनिन यांनी १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ हा सिनेमा काढला होता, नर्गिस होती त्यात. हा माणूस एक घोडा विकायला घेऊन आला होता. घोड्याला इथं भाव येतो असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. जुन्नरपर्यंत पोचेस्तोवर त्याला तो घोडा शंभर रूबलला पडला. त्याची वाट नाणेघाटाची नव्हे. तो पालीवरून, दक्षिणेकडून चढला. पण पाऊस तोच, चिखल तोच. जुन्नरमध्ये चार महिने रात्रंदिवस सगळीकडं पाणी आणि चिखल, अशी नोंद त्यानं केली आहे. त्याच पावसात लोक नांगरतात, पेरतात, याचं त्याला नवल वाटलं होतं. बर्फाच्या देशातल्या माणसानं आपल्या पावसाळ्याला हिवाळा म्हटलं आहे.

जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा ठेवून घेतला. हा मुसलमान नाही, रूसी आहे, हे खानाला कळलं होतं. मग अट घातली : आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा घेईन. मुदत चार दिवस. त्या चार दिवसांत त्या एकट्या माणसावर काय गुजरलं असेल! जवळ भाषा नाही, नातं नाही, बाहेर धो धो पाऊस. मग त्याच्या एका सणाच्या आदल्या दिवशी महंमद नावाचा एक खुरासानी सरदार जुन्नरला आला. निकितिननं त्याच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं. तो खानाकडं गेला, निकितिनच्या धर्माला धक्का लागणार नाही असं ठरवून घेतलं आणि घोडाही सोडवून आणला. निकितिननं हे आपल्या वहीत देवाचा चमत्कार म्हणून लिहिलं आहे. मी तो चमत्कार त्या खुरासान्याच्या नावावर लिहितो.

मला खान माहीत आहे, आणि तो खुरासानीही. दोघं एकाच धर्माचे होते. शाळेत आम्हाला इतिहास शिकवला त्यात फक्त खान असायचे. आणि आमच्या मोहल्ल्यात जो इतिहास सांगत त्यात फक्त खुरासानी. निकितिनच्या वहीत दोघं एकाच पानावर आहेत, म्हणून ती वही मला आवडते. पुढं त्यानं या देशात खोजा युसुफ खुरासानी असं नाव घेतलं, त्याच्या वहीत रशियनच्या मध्ये मध्ये फारसी-तुर्की-अरबी शब्द घुसले, प्रार्थनासुद्धा त्या खिचडीत लिहिल्या. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला. घर अगदी टप्प्यात आलं होतं.

घाटघरला आम्ही जुन्नरच्या गाडीची वाट पाहत बसलो. वाटाडा पोरगा तिथूनच मागं फिरला, अंधाराच्या आत त्याला घाट उतरायचा होता. ठरलेल्या पैशांपेक्षा मी जरा जास्त पुढं केले. त्यानं ठरले तेवढेच मोजून घेतले, बाकीचे परत दिले आणि उरलेल्या मिठाची पिशवी माझ्या हातात ठेवली. ‘असू द्या, काका. वर पण उमसच आहे.’

जुन्नरला आमच्या जुन्या घरात आता चुलतभाऊ राहतो. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दादांचं पिंजण अजून माळ्याखाली दोन खुंट्यांवर आडवं टांगलेलं आहे. लाकूड काळं पडलंय, तात मात्र कुणी काढली नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी स्टुलावर चढलो आणि बोटानं ती ओढून सोडली. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. आवाज आला नाही. भाऊ खालून म्हणाला, ‘दिवाळीत ये, भाईजान. तेव्हा वाजते.’